डुक्कर नऊ मिनिटांत पोचलं

कोरुपा ते यामबिल : एकोणीस सागरी मैल.
समुद्र आमच्या डोंगरात कुणी पाहिलेला नाही,
पण वहीत तसंच लिहायचं असतं.
उड्डाणाला वेळ : नऊ मिनिटं,
खिंडीत ढग नसले तर.

मी इथला एजंट. म्हणजे
गवत कापतो, धावपट्टीवरची पोरं हाकलतो,
रेडिओवर ढगांची उंची सांगतो
आणि येईल त्याला काट्यावर उभं करतो.
पाद्री असो, कॉफीचं पोतं असो,
विमानाला सगळे किलोच.

त्या मंगळवारी रांगेत आई.
कपाळावरून पाठीवर सोडलेली जाळीची पिशवी,
कडेवर डुकराचं पिल्लू,
डोरिकाला, माझ्या बहिणीला, कबूल केलेलं.
आई एक्केचाळीस. पिल्लू अकरा.
मुठीतल्या नोटा उलगडल्या तर
पिल्लापुरत्याच निघाल्या.
माझा पगार पुढच्या विमानाने यायचा होता.
"मग हे जाऊ दे," ती म्हणाली,
"ह्याचे पाय लहान आहेत."

रेटो, आमचा वैमानिक, हसला.
पोत्यात गुंडाळून पिल्लू मागच्या जाळीला बांधलं.
त्याचं केकाटणं इंजिनासकट उतारावरून खाली गेलं
आणि कड्यापाशी तुटलं.
वळून पाहतो तर आई
पट्टी ओलांडून पायवाटेला लागलेली.

नऊ मिनिटांनी पलीकडून जेकोन :
"डुक्कर पोचलं. मुतलंय, पण पोचलं."
मी वेळ लिहिली.

बुधवार.
"जेकोन, आई?"
"नाही. पिल्लू काही खात नाही रे,
दाराकडे तोंड करून बसतं."
रात्री नदीच्या अंगाला पाऊस.
वेताचा पूल मला पाठ आहे,
डाव्या हाताची सतरावी गाठ सुटलेली.
हे आईला माहीत असेल का?
मला तिनेच दाखवली होती.

गुरुवार. नुसती खरखर.
ज्याने कुणी हे मैल मोजले
त्याने वरून मोजले असणार.
वरून आमची दरी
चादरीला पडलेल्या चुणीएवढी दिसते,
हात फिरवला की सपाट.
मी वहीत आईसाठी रकाना शोधला.
माल, टपाल, प्रवासी.
शेवटी समासात तिचं नाव लिहिलं,
वेळेची जागा कोरी.

शुक्रवारी दुपारी डोरिकाच बोलली :
"आली. पायांना जळवा,
पिशवीत चार गावांनी दिलेली रताळी.
पिल्लाला म्हणते, वाळलास की रे."
"तिला सांग, पगार आलाय.
येताना विमानाने ये म्हणावं."

मग आईचा आवाज.
बटण दाबून धरायचं तिला ठाऊक नाही,
त्यामुळे शब्द अर्धेमुर्धे, आणि ओरडून,
मध्ये अख्खी दरी असल्यासारखे :
"कसं येऊ... वाटेत सगळ्यांना...
परत येते म्हणून सांगून आलेय."