इतर

रास्ता पेठ, दुसरा मजला. जनगणनेच्या बाई
दम खात विचारतात : धर्म?
यहुदी, मी म्हणतो. पेन थांबतं.
"इतरमध्ये लिहू?"
लिहा. 'हु' ऱ्हस्व की दीर्घ, ते
हनोखमामालाही मरेपर्यंत कळलं नाही.

मातृभाषा त्या न विचारताच भरतात : मराठी.

समोर सालेह चाऊश. पणजा हद्रमौतचा.
त्याला छापील रकाना आहे;
अरब का, हे कुणी पुसत नाही.

बहीण लोदला. तिकडे मोजतात
ज्यू इतके, अरब इतके.
तिथे आम्ही दोघंही ठळक अक्षरांत असतो,
वेगवेगळ्या ओळींवर.

बाई चौकटीवर खडूनं आकडा घालतात,
माझा सतरा, त्याचा अठरा,
आणि सालेह आतूनच ओरडतो :
पेझारकर, बाईंना पाणी तरी दिलंस का?