माप

मालवणात, स्कूबाच्या पावत्या फाडतात
त्या टपरीच्या मागे बस्त्यावची खोली.
एक खुर्ची, एक दिवा, भिंतीवर कासवं, नांगर,
आणि पर्यटकांनी निवडून मग नको म्हटलेली नावं.

पहिले दोन महिने मला माणूस मिळाला नाही.
हिरवी केळी मिळाली.
केळं तोंडावर सांगतं:
सुई खोल गेली की चीक येतो,
वरवर राहिली की ओल्या फडक्याबरोबर रेघ निघून जाते.
मधे कुठेतरी, नखाच्या जाडीची
एक जागा असते, तिथे शाई राहते.
ती दिसत नाही. ऐकू येते.
यंत्राचा आवाज जड झाला
की समजायचं, खाली गेलीस.

बस्त्याव शिकवताना बघायचा नाही.
पाठमोरा, पावात आम्लेट घालत म्हणायचा,
"मनगटान नको गो, खांद्यान वढ."
"कातडी ताण. ढिल्या शिडात वारो खय रवतलो?"
"श्वास सोड, मगे सुरू कर."
"चुकलंस? रवांदे. थयसून परत जाव नको,
एका चुकीच्यो दोन होतल्यो."

मग माझी मांडी.
गुडघ्याच्या वर सात रेघा.
पहिली गांडुळासारखी.
तिसरीची शाई कडेनं पसरून निळसर डाग झालाय.
सातवी बरी आहे.
आंघोळ करताना मी फक्त सातवी बघते.

नारळी पौर्णिमेनंतर जयवंती मेतर आली.
दांडीच्या लिलावात जिचा आवाज चढला
की इकडे टपरीवाले भाव सांगतात, ती.
हात पुढे केला. "नाव नको, देव नको.
हयसून हयपर्यंत एक रेघ."
कनवटीतून शाळकरी लाकडी पट्टी काढली,
खिळ्यानं खूण केलेली.
"ह्याच्यापेक्षा बारको सरंगो माज्या पाटयेत नको.
पट्टी रोज हरावता. हात काय हरवाचो नाय."

बस्त्याव उठून बाजूला झाला.
मी मागे पाहिलं. तो खरंच उठला होता.

फुलात चूक झाली तर पाकळी वाढते.
कासवाच्या पाठीत कितीही चुका मावतात.
सरळ रेघेत काही दडवता येत नाही.
आणि ही कातडी केळ्याची नव्हती:
उन्हानं राठ, खवल्यांच्या बारीक ओरखड्यांची,
ताणली की खाली शीर उडायची.
कोपराच्या वळीपासून सुरू केलं.
श्वास सोडला. खांदा. आवाज एकसारखा,
खाडीतून निघालेल्या होडीच्या इंजिनासारखा.
शेवट दिसायला लागला होता,
इतक्यात रस्त्यावरून कुणीतरी सुरमईचा भाव विचारला
आणि जयवंतीनं तो सांगितला, खुर्चीतूनच, भरल्या आवाजात.
तिचा हात हलला नाही.
मी हलले.

तांदळाच्या दाण्याएवढी जाडी.
मी परत गेले नाही. शेवटाला पोचले आणि पाय पेडलवरून काढला.

"पंधरा दिवस खारं पाणी लावू नका," मी म्हटलं.
बस्त्याव खोकला.
जयवंतीनं कोपरापर्यंत प्लास्टिकची पिशवी चढवली,
वर दोन रबरबँड, आणि होडी लागायच्या वेळेला गेली.

महिन्यानं मी दांडीला गेले. मासळी घ्यायची नव्हती.
ती ढिगातून एकेक पापलेट उचलून हातावर टेकवत होती,
शेपटी कोपराच्या वळीला, तोंड मनगटाकडे.
एक त्या दाण्यापाशीच संपलं.
तिनं ते तांडेलाच्या अंगावर टाकलं.
तांडेल तापला. म्हणाला, रेघ बघ आधी तुझी,
वाकडी आहे.
सगळ्यांनी वाकून बघितलं.
मी छत्री उघडली, ऊन नव्हतं, पाऊस नव्हता.
"वाकडी आसा," जयवंती म्हणाली.
"लांबी बरोबर आसा. दुसरो दाखव."

येताना बाजारातून
अर्धा डझन हिरवी केळी घेतली.