मेंढ्यांची न्हाणी

वाइरारापाच्या उतारावर तीस प्लॉट आखलेत.
गुलाबी फिती, खुंट्या, खुंट्यांवर आकडे.
माझ्याकडे दोन दिवस, एक हातगिरमिट,
नव्वद बरण्या आणि बर्फाची पेटी.
डेझमंडचा फोन: "नुसती कुरणं होती, वाइमारी,
मेंढ्यांनी काय बिघडवलंय?"

मेंढ्यांनी काहीच नाही.
मेंढ्यांच्या लोकरीत उवा होत्या, गोचिडी होत्या,
त्यांच्यावर उतारा सोमल,
सोमलाच्या पाण्याला सिमेंटची अरुंद चर,
वर्षातून दोनदा कळपच्या कळप
मानेपर्यंत बुडवून काढायचे.
पलीकडे चढून त्या अंग झाडायच्या,
निथळत उभ्या राहायच्या,
ऊन खात.

ती चर कुठल्याच नकाशात नाही.
विमानातून काढलेल्या एकाहत्तरच्या फोटोत
शेडला चिकटून एक पांढरा ठिपका, तांदळाएवढा.
तिथे मी बारा भोकं पाडली.
दर भोकाला नवे हातमोजे,
गिरमिट तीन पाण्यांनी धुतलेलं.
माती निघाली करडी, गांडुळांनी भरलेली,
कुणाचंही काही न बिघडवलेली.

आमच्या हिशेबात एक मूल असतं.
त्याला नाव नसतं.
ते अंगणात रांगतं, बोटं चोखतं,
रोज चिमूटभर माती खातं,
परसातली कोबी खातं,
कधी मोठं होत नाही.
पगार डेझमंडच्या खात्यातून येतो,
नोकरी मी त्या मुलाची करते.
मोठ्यांनी माती खाल्ली की
आकडा त्याच्या नावावर निघतो.

दुपारी कुंपणाशी एक म्हातारा.
ईवर्ट टलक. जमीन विकून सहा वर्षं झाली,
बुटांना चिखल अजून याच वाटेचा.
"चुकीच्या जागी खणतेयस, पोरी.
ही शेड नंतरची. जुनी वादळात गेली, चौसष्टला."
आणि मग तार उचलून, वाकून आत आला,
काठी टेकत पावलं मोजत निघाला.
एकेचाळीसला थांबला, पुटपुटला,
पुन्हा मागे जाऊन पहिल्यापासून.

सत्तरावं पाऊल सतरा नंबरच्या प्लॉटवर पडलं.

(सतरा विकला गेलाय. पोरिरुआची नर्स, लुपे,
आणि तिचा नवरा. माहितीपत्रकात
नेमका तिथेच झोका काढलाय.)

"इथे नेव्हिल उतरला होता, कुत्र्याला काढायला.
मी नऊ वर्षांचा.
कुत्रं दोन दिवस जगलं.
आईने नेव्हिलचे कपडे जाळले.
बापाने न्हाणी बंद ठेवली."
थोडं थांबून,
"आठवडाभर."

गिरमिट दोन फुटांवर अडलं.
दगडाचा आवाज वेगळा असतो,
सिमेंटचा वेगळा. हात ओळखतात.
बाजूला सरकून पुन्हा घातलं,
काळपट माती आली, ओली.
मी सवयीने नाकाजवळ नेणार होते, नेली नाही.
सोमलाला वासही नसतो.

"कधी कळेल?"
"दहा दिवस लागतात प्रयोगशाळेत."
"नेव्हिल चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला," तो म्हणाला,
"ते निघेल का यात?"
माझ्या तक्त्यात तसा रकाना नाही.
माहितीचा स्रोत म्हणून आहे एक:
नकाशा, फोटो, सरकारी नोंद, इतर.
इतरवर खूण केली, पुढे लिहिलं:
ई. टलक. चालत आले. सत्तर पावलं, दोनदा मोजून.

डेझमंडला काय सांगायचं
ते मनात जुळवत मी बरण्यांवर चिठ्ठ्या लावत होते.
मागे वळून पाहिलं, तर म्हातारा गुडघ्यावर,
भोक बुजवतोय, उघड्या हातांनी,
रोप लावल्यासारखा दाबून दाबून.
"हात धुवा!" मी ओरडलेच,
पाण्याचा कॅन घेऊन धावले.

त्याने तळवे उलटेसुलटे करून पाहिले.
"आता?" म्हणाला,
आणि तरी पुढे केले.