एकोणिसावा आठवडा, तुर्भे

पहिल्या लढतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.
दोघेही नवे. एकाचा मुखवटा डोळ्यांवर सरकत राहिला,
दुसरा मार बसायच्या आधीच पडायला लागला.
दीड गुण. त्यातला अर्धा दोरीला,
या वेळी ती सुटली नाही म्हणून.

दुसरी बायकांची. रबाळ्याची विजू सुतार
आणि 'मावशी' म्हणून जी कोण आहे ती.
मावशीने विजूला केसांना धरून तीनदा गरगर फिरवलं
आणि चौथ्यांदा विसरली, फेकायचं कुठल्या बाजूला.
मी पहिल्या रांगेत. विजू ओठ न हलवता म्हणाली,
"डावीकडे, बाई, डावीकडे."
साडेतीन. ते सगळे त्या कुजबुजीचे.

दोन भावांची गोष्ट आता कृपा करून संपवा.
सहा आठवडे भांडतायत एका पट्ट्यासाठी,
पट्टा पत्र्याचा, आणि कोपरखैरण्याच्या ट्रॉफीवाल्याचे
पैसे अजून द्यायचेत.

मग दिवे जातात.
मुद्दाम. खरे जातात तेव्हा पंखेही थांबतात.

साडेबारा टक्के येतो.
पांढरे बूट, पांढरी पँट, काखेत निळी फाइल,
बोटात अंगठ्या, घामाने हिरव्या पडलेल्या.
बटाट्याच्या गोणपाटांवर बसलेलं अख्खं गोदाम उठतं,
दिवाळ्याचं, सानपाड्याचं, तळवलीचं.
कसली फाइल, असं इथे कोणी विचारत नाही.
शिव्या दिल्या जातात, त्या मी लिहीत नाही.

त्याची रीत ठरलेली:
आधी चीत करायचं, मग मनगट पिरगाळून
शाईच्या गादीवर अंगठा दाबायचा.
ज्याचा अंगठा जातो त्याचं काहीतरी जातं.
एकाचं नाव गेलं, तो आता नुसता 'तो' म्हणून उतरतो.
एकाची हलगी गेली, तो मुकाट्याने चालत येतो.

बाबा सतरा आठवडे एक शब्द बोलले नाहीत.
अठराव्याला, खेळ संपल्यावर,
उमाकांत मानेवर मासळीबाजारातला बर्फ धरून बसला होता
(घणसोलीला शाळेची व्हॅन चालवतो, मुलं त्याला काका म्हणतात)
तर बाबा त्याच्यापुढे जाऊन उभे.
"आंगठा असा नाय घेत रं कोन.
आदी चा पाजतान."

काल निवटा होता समोर.
खाडीच्या चिखलातला, कुणाच्या हाताला न लागणारा.
चांगला निसटला, दोनदा तर पंचांच्या पायांमधून.
नवव्या मिनिटाला पडला. पडणं उत्तम, पाठ पूर्ण टेकली.
आणि साडेबारा टक्के त्याच्या छातीवर बसला नाही.
शेजारी बसला, मांडी घालून.
हात वर केला. पोऱ्या दोन ग्लास घेऊन आला.
एक त्याने फुंकर मारून गार केला, निवट्याला दिला.
कपाळावरचा घाम पुसला.
"घरची बरी हायेत ना सगली?"
माइक चालू राहिला होता, की ठेवला होता, कळलं नाही.
मग हात हातात घेतला, वरात नवरीचा घ्यावा तसा,
गादी, कागद,
आणि शेवटी आपल्याच रुमालाने
अंगठा नीट पुसून दिला, नखाच्या कडेपर्यंत.

कोणी ओरडलं नाही.
मागे ट्रकवाला रिव्हर्स घेत होता तेवढाच आवाज.
एक पोरगं म्हणालं, "जिंकला कोण?"
त्याच्या आजीने त्याच्या डोक्यावर टपली मारली.
बाबांनी डावा हात मांडीखाली घेतला होता.

चार गुण.
पाच देत नाही. लढत मधे रेंगाळली,
आणि चहा अर्धा मिनिट लवकर आला,
म्हणजे सांगून ठेवलेला, हे दिसतं.
निवट्याचं काय गेलं ते अजून जाहीर केलेलं नाही.

पामबीचच्या सिग्नलला स्कूटरवर मागून बाबा म्हणाले,
"येक राह्यलं त्याला सांगाचं."
सिग्नल सुटला. मला वाटलं विसरले.
सानपाड्याच्या पुलाखाली पुन्हा,
"मंगारी घरा सोरतान. गारीन.
दार उघरून देतान."