शेवगा

वजन भरलं अकरा किलो.
शारजा विमानतळावरच्या पोरानं
तीन लाकडी पाय बघून विचारलं, हे काय?
मला हिंदीत सांगता येईना.
म्हटलं, तांदळाचं यंत्र.
त्यानं पितळी चकतीच्या भोकांना एक डोळा लावला,
त्यातून माझ्याकडे बघितलं,
आणि जा म्हणाला.

लाकूड फणसाचं.
विजयदुर्गाच्या खाडीवर गलबतं बांधणाऱ्या
इस्माईल तांडेलानं बायकोसाठी केला,
काम बंद असलेल्या पावसात.
खिळे गलबताचेच, गरजेपेक्षा मोठे.
एक अजून डोकं वर काढतो
आणि ओढणी धरून ठेवतो.

बायको डावखुरी.
जेवताना त्या हातावर पळी बसायची.
शेवग्याच्या दांड्यावर मात्र कुणी काही बोललं नाही.
पन्नास-साठ वर्षं ती डाव्यानं दाबत राहिली
आणि लाकडात तळव्याएवढा खळगा पडला,
कलता,
आमच्या दृष्टीनं उलटा.

मग आजेसासू, मग सासू, मग मी.
तिघी उजव्या.
मनगटाला रग लागते, हात घसरतो.
सासू म्हणायची,
बुढीनं जागा अडवून ठेवलीय.

शेजारच्या लीलाम्माकडे मुठीत मावणारा पितळी साचा आहे.
एवढं लाकूड कशाला, म्हणाली.
खरंच आहे.
एकीनं दाबायचं, एकीनं खाली ताट फिरवायचं,
उकडलेला गोळा गरम आहे तोवर.
एकटीचं काम नव्हे.
इस्माईलला लहान करता आला नसेल,
गलबतं बांधायचा तो.

नवरा रिगवर, अजून एकोणीस दिवस.
शुक्रवारी मी अरफाला हाक मारली.
ती आली, उजव्या हातात मोबाईल,
आणि न बघताच डावा हात दांड्यावर टाकला.

बसला.
बोटांसकट.

पांढऱ्या शिरवळ्या सरसर खाली उतरल्या.
मी ताट फिरवत राहिले, गप्प.
बोलले असते तर तिनं हात काढला असता,
आणि त्या हाताला
मीही कमी टोकलेलं नाही.
तीन गोळे झाले.
हात दुखला गं, म्हणाली, गेली.

तेवढ्यात वाफेनं छतावरचा भोंगा वाजायला लागला.
बारा मजले चढून नातूर आला, शफीकुल,
लाल नळकांडं खांद्यावर घेऊन.
आग कुठाय?
मी खिडकी उघडली, पातेलं दाखवलं,
नारळाचा रस, गूळ, वेलची घालून
बशी पुढे केली.
त्यानं दारातच उभ्यानं खाल्लं.

शेवटचा गोळा थंड व्हायला लागला होता.
एकटीला दबेना.
शफीकुलनं नळकांडं खाली ठेवलं, बाही सारली,
दांड्यावर उजवा हात टेकला,
काढला, पुन्हा टेकला.

इथं हात बसत नाही, म्हणाला.

म्हटलं, जागा दिलेली आहे.
जरा बाजूला धर.