आखूड नाकाचं पातं

उदगीरच्या बाजारात घेतलेलं पहिलं
टोकदार होतं, बगळ्याच्या चोचीसारखं.
दिसायला देखणं.
दोन महिन्यांत त्याचं टोक
एका स्टार्टरच्या डब्यात मोडलं.
अजून असेल तिथंच.

दुसरं बाकदार. केबल ओढायला झकास,
पण दुपारी पेरू कापायला बसलो
की पेरूच रडकुंडीला.

रुंद पोटाचं एक मेहुण्याला आवडलं.
मला नाही म्हणता आलं नाही.

मग खाजामियाँ धारवाले,
पायानं चाक फिरवत,
ठिणग्यांतून मान वर न करता म्हणाले,
"व्यंकट, कुणाला भोसकायलास का?
मग टोक कशाला पायजे तुला?"
आणि खोक्यातून एक मळकट घडीचा चाकू काढला.
धार सरळ, पट्टीनं आखल्यागत.
पाठ मात्र शेवटाला उतरलेली,
खाली मान घातलेल्या वासरासारखी.

तिथंच वायरचा तुकडा सोलला.
लाल साल अख्खी निघाली,
आतल्या तांब्यावर एक चरा नाही.

बारा वर्षं झाली, उजव्या खिशात आहे.
जळलेल्या मोटारी, सुतळ्या, पेंडीची पोती,
लेकीच्या पेन्सिली.
धार लावून लावून पातं
करंगळीएवढं उरलंय.

बायको म्हणते, नवं घ्या.
परवा गेलो होतो.
दुकानदार म्हणाला, कसलं दाखवू?
तोंडानं काही सांगता येईना.
हातानंच हवेत
एक सरळ रेघ ओढली,
आणि शेवटी
जरासा झुकला हात.