कंसातलं कारण

नववीत तिळवे सरांनी माझ्या वहीवर
लाल शाईनं एकच ओळ लिहिली होती:
'जे सिद्ध करायचं, तेच तू धरून चाललीस.'
मी लिहिलं होतं,
रेषा समांतर, म्हणून व्युत्क्रम कोन समान;
कोन समान, म्हणून रेषा समांतर.
मला चूक दिसेना.
वर्तुळ तर छान पुरं झालं होतं.

आगरवाड्यात डिसेंबर होता.
मानशीतून खारं पाणी काढून टाकलं होतं,
बाबा मिठागराचे वाफे नव्यानं बांधत होते.
मधल्या वाफ्याचा चिखल नुकताच चोपलेला,
आभाळ दिसेल इतका गुळगुळीत.
त्यात पाय टाकायचा नाही.
म्हणजे अलीकडच्या मेरेपासून पलीकडे
टेप धरून अंतर मोजायची सोय नाही.

त्यांनी सुंभाची दोरी तिरपी ताणली,
या काठाच्या खुंटीवरून त्या काठाच्या खुंटीला.
मग कायतान मेस्तानं करून दिलेलं ते,
दोन पट्ट्या आणि मध्ये एक पितळी खिळा.
घरात त्याला कुणी नावच ठेवलं नव्हतं.
एक पट्टी मेरेला, दुसरी दोरीला,
खिळा आवळला,
आणि ते छातीशी धरून
बांधाबांधानं लांबचा वळसा घालून
पलीकडे गेले, झोपलेलं मूल न्यावं तसे.
तिथं अर्धं फिरवून दोरीला लावलं.
दुसरी पट्टी जिकडे गेली
तिकडे नवी मेर.

'हांगा जितलें वांकडें,
थंय तितलेंच उरफाटें. जालें मगे.'

दोन्ही मेरा कुठवर जातील, हे बघायला
बाबा नदीपर्यंत चालत गेले नाहीत.
कुणालाच जाता येत नाही तेवढं लांब.
दोरी जिथं मेरेला टेकते
तिथं वाकून बघायचं, दोनदा.
मी वही उघडली.
पक्ष: कोन समान. साध्य: रेषा समांतर.
खालून वर नाही, वरून खाली.
कंसात लिहिलं, (व्युत्क्रम कोन कसोटी).
सरांनी बरोबरची खूण केली, बोलले काहीच नाहीत.

आता मी पेडण्याच्या भूमापन कचेरीत आहे.
मीठ बंद होऊन एकोणीस वर्षं झाली,
वाफ्यांत खारफुटी उभी आहे.
धाकटे काका म्हणतात, मेर सरकवलीय, मुळातच.
स्वतःच्या घरची मोजणी मला करता येत नाही,
म्हणून यंत्रावर फर्मिना,
आणि मी चिखलात, हातात काठी.
दोरीच्या जागी आता नजरेची रेघ,
तीही तिरपीच.

'अठ्ठावन्न,' फर्मिना ओरडली.
मी वळसा घालून पलीकडे गेले.
तोच बांध, तीच गुडघाभर लव्हाळी.
काठी उभी धरली.
मनात मी आधीच म्हणून टाकलं होतं, अठ्ठावन्न.
'एकोणसाठ.'
'परत बघ.'
'एकोणसाठच गो.'

म्हणजे नदीच्या बाजूला
आंतरकोनांची बेरीज एकशे एकोणऐंशी,
दोन काटकोनांना एक अंश कमी.
म्हणजे या मेरा भेटतात.
मी हिशेब केला, रुंदी बारा मीटर,
सुमारे सातशे मीटरांवर,
शापोऱ्याच्या ऐन पात्रात कुठंतरी,
जिथं ओहोटीलाही तळ लागत नाही.

खिळा सैल झाला असेल चालताना.
किंवा एकोणीस पावसाळ्यांनी काठ खाल्ला असेल.
काका म्हणतात तसंही असेल.
यातलं काहीही
मला धरून चालता येत नाही.

फर्मिना तक्ता पुढे करते.
मी तिच्याकडून पेन घेते,
एकोणसाठ नीट, ठळक लिहिते,
आणि कंसात कारण:
(मोजून).